आयटीआय वीजतंत्री : दोन वर्षांत हाताला काय यायला हवं?

खटकापट्टी

प्रवेशफेऱ्या, कट-ऑफ, कुठलं आयटीआय बरं, यावर वेगळे धागे आहेत. इथे फक्त शिकण्याचं बोलू.

वीजतंत्री हा दोन वर्षांचा ट्रेड, दहावीला विज्ञान आणि गणित असावं लागतं. तारतंत्री म्हणजे वायरमन, तोही दोन वर्षांचाच. त्यात घरा-इमारतींचं वायरिंग, केबल आणि ओव्हरहेड लाइनवर भर असतो. वीजतंत्रीत याशिवाय मोटर, ट्रान्सफॉर्मर, वाइंडिंग, पॅनल आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स येतं. घरं आणि सोसायट्यांची कामं करायची तर दोन्ही चालतात. कारखान्यात जायचा विचार असेल तर वीजतंत्री घ्यावा, असं माझं मत.

धागा काढायचं कारण असं, की जोडणी सगळेच शिकतात. दिवा लागला, पंखा फिरला, की प्रात्यक्षिक झालं असं मानलं जातं. पण ते काम सुरक्षित आहे हे मीटर लावून दाखवता येणारे फार थोडे निघतात. इन्सुलेशन, अर्थ कंटिन्युइटी, पोलॅरिटी, अर्थ रेझिस्टन्स हे प्रयोग अभ्यासक्रमात आहेत, पण बॅचमध्ये मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) एक आणि मुलं वीस असल्यामुळे बरेच जण शेजारच्याच्या वहीतलं रीडिंग उतरवून घेतात. तसं करू नका. निदेशकांकडे पुन्हा मागा, सुट्टीनंतर थांबून करा, पण स्वतःच्या हाताने करा.

पहिल्या सहा महिन्यांत कानस, हॅक्सॉ, ड्रिल असतं. मुलं कंटाळतात. पुढे डिस्ट्रिब्युशन बोर्डच्या पत्र्याला भोक पाडून त्याची धार काढली नाही, तर तिथून जाणारी वायर वर्षभरात सोलली जाते. म्हणून कानशीचं काम मनापासून करा. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट किंवा ग्लँड हवाच.

जांभा

जॉइंटबद्दल लिहितो, कारण शॉर्टसर्किट म्हणून ज्याला सगळे नावं ठेवतात त्यातलं बरंचसं सैल जोडणीचं गरम होणं असतं.

वेस्टर्न युनियन, मॅरिड, टी, ब्रिटानिया हे जॉइंट पहिल्या वर्षाला करून घेतात. ब्रिटानिया आजच्या घरकामात लागत नाही, तो जाड उघड्या तारांचा जॉइंट. पण त्यातून तार घासून स्वच्छ करणं, वेढे अंगालगत बसवणं आणि ताण जॉइंटवर न येऊ देणं या तीन गोष्टी हाताला लागतात, त्या सगळीकडे उपयोगी पडतात.

आजच्या कामात लक्ष द्यायचं ते स्क्रू टर्मिनलकडे. चार गोष्टी सांभाळा. पहिली, सोलताना एकही तंतू कापला जाता कामा नये. दातांनी किंवा ब्लेडने वायर सोलली की दोन-तीन तंतू हमखास जातात, त्यासाठी स्ट्रिपर घ्या. दुसरी, टर्मिनल मोठं आणि वायर १ किंवा १.५ स्क्वेअर मिमीची असेल तर टोक दुमडून दुहेरी करा. तिसरी, तंतूंच्या वायरीला स्क्रूखाली सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ धातू आहे, दाबाखाली हळूहळू सरकतो, स्क्रू सैल पडतो. वायरीच्या टोकावर पिन टाइप लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून क्रिम्प करा. चौथी, घट्ट केल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघा.

महावितरणची सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची असते आणि आतलं वायरिंग तांब्याचं. या दोघांना नुसतं पिळून जोडलं की ओलाव्यात ॲल्युमिनियम खराब होतं आणि सांधा तापतो. बायमेटल लग किंवा योग्य कनेक्टर हवा. कोकणात पावसाळ्यानंतर मीटरजवळचा सांधा जळाल्याची तक्रार येते, तिथे आधी हे बघा.

पाइपात जॉइंट कधीही सोडायचा नाही. जॉइंट जंक्शन बॉक्समध्ये, उघडून बघता येईल अशा जागी.

खटकापट्टी

जांभा, सोल्डरचा मुद्दा छान काढलात. आता घरगुती बोर्ड. प्रात्यक्षिकात एक लॅम्प एक खटका, जिना वायरिंग, गोदाम, टनेल, हॉस्पिटल वायरिंग असं क्रमाने येतं. जिना वायरिंगमध्ये गफलत होते ती कॉमन टर्मिनलवरून. टू-वे खटक्यात मधलंच टर्मिनल कॉमन असेल असं धरून चालू नका, कंपनीप्रमाणे जागा बदलते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि खटका दोन्हीकडे करून बघा. दोन टोकांपैकी एकाशी दर वेळी आवाज देणारं टर्मिनल कॉमन. एका खटक्याच्या कॉमनला फेज, दुसऱ्याच्या कॉमनवरून दिव्याला, मधल्या दोन वायरी उरलेल्या टर्मिनलांना. कॉमन चुकलं तर दिवा लागतो, पण एक खटका विशिष्ट बाजूला असतानाच. म्हणून चारही जोड्या तपासल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.

सर्किट वाटणी : लायटिंगच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट ही मर्यादा. वायर १.५ स्क्वेअर मिमी, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) ६ किंवा १० अँपिअर. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला २.५ स्क्वेअर मिमी आणि १६ अँपिअरचा एमसीबी, एका सर्किटवर दोनपेक्षा जास्त पॉवर सॉकेट नकोत. गिझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र सर्किट, ४ स्क्वेअर मिमी, २० अँपिअर. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा किंवा हिरवा-पिवळा. काळी वायर संपली म्हणून न्यूट्रलला लाल ओढायची सवय पहिल्या दिवसापासून मोडा. दहा वर्षांनी तो बोर्ड उघडणाऱ्याचा जीव या रंगांवर अवलंबून असतो.

पाइपाच्या पोकळीचा साधारण ४० टक्केच भाग वायरींनी भरावा. जास्त कोंबल्या तर ओढताना इन्सुलेशन खरवडतं, आणि उष्णता बाहेर जात नसल्याने वायरीची अँपिअर क्षमताही घटते.

नवी_वायर

प्रश्न. एसीचा एमसीबी सारखा पडत असेल तर २० काढून ३२ चा टाकतात. वायर ४ स्क्वेअर मिमीचीच राहते. चालतं का? आणि सी कर्व्ह म्हणजे नेमकं काय?

खटकापट्टी

नवी_वायर, चालत नाही. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. भिंतीतल्या पाइपात, शेजारी दुसऱ्या भारित वायरी आणि मे महिन्यातलं तापमान धरलं की ४ स्क्वेअर मिमीकडून ३२ अँपिअर सतत वाहून घेण्याला काही आधार उरत नाही. वायर तापत राहील आणि एमसीबी शांत बसेल.

पडण्याचं कारण शोधायचं. टाँग टेस्टरने, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने, चालू करंट घ्या. दीड टनाच्या एसीला तो साधारण सात-आठ अँपिअरच्या आसपास असतो. करंट ठीक असूनही एमसीबी तापलेला लागत असेल तर त्याचाच स्क्रू सैल आहे. सैल स्क्रूच्या उष्णतेने आतली बायमेटल पट्टी वाकते आणि कमी करंटलाही तो पडतो.

कर्व्ह म्हणजे क्षणात पडण्याचा पट्टा. बी कर्व्ह रेटिंगच्या ३ ते ५ पट, सी ५ ते १० पट, डी १० ते २० पट. घरात एसी, फ्रिज, पंप यांचा सुरुवातीचा झटका असतो म्हणून सी वापरतात. त्याखालच्या ओव्हरलोडला एमसीबी क्षणात पडत नाही, वेळ घेतो. हे लक्षात ठेवा, अर्थिंगचा विषय निघेल तेव्हा लागेल.

ओहम_साधा

तोच विषय काढतो. ‘अर्थिंग उत्तम केलंय, आता शॉक लागणारच नाही’ हे वाक्य प्रशिक्षणार्थींच्या तोंडून हमखास येतं. आकडे मांडून बघा.

गावाकडचं घर. मीटरजवळ महावितरणच्या बाजूने अर्थची वायर आलेली नाही, घराचा स्वतःचा अर्थिंगचा खड्डा आहे. रेझिस्टन्स ५ ओहम, म्हणजे घरासाठी चांगलाच म्हणायचा. ट्रान्सफॉर्मरचं न्यूट्रल अर्थिंग २ ओहम धरा. गिझरच्या आत फेज बॉडीला टेकला. करंटचा मार्ग : फेज, बॉडी, अर्थ वायर, खड्डा, जमीन, ट्रान्सफॉर्मर. एकूण ७ ओहम. २३० भागिले ७ म्हणजे सुमारे ३३ अँपिअर.

गिझरला सी २० चा एमसीबी आहे. त्याला क्षणात पडायला किमान १०० आणि खात्रीने २०० अँपिअर लागतात. ३३ अँपिअर हे त्याच्यासाठी साधं ओव्हरलोड. तो पडेल, पण कित्येक सेकंदांनी किंवा मिनिटांनी. तोवर बॉडीवर ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्ट उभे आहेत. आणि वर कुणी ३२ चा एमसीबी टाकलेला असेल तर ३३ अँपिअरवर तो पडणारच नाही.

त्याच जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता तर? हा फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघतो. ३० मिलिअँपिअर फरकाला ०.३ सेकंदाच्या आत, आणि पाचपट फरकाला ०.०४ सेकंदात तो तोडतो. ३३ अँपिअरची गळती त्याच्या हजारपट झाली. अर्थिंग ५ ऐवजी ५० ओहम असतं तरी तो पडला असता.

म्हणून घरासाठी तीनही लागतात. ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला एमसीबी, गळतीला आरसीसीबी, आणि माणसाचा हात लागण्याआधीच गळतीला वाट मिळावी म्हणून अर्थिंग. एकाचं काम दुसरा करत नाही. आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, त्याच्या आधी किंवा नंतर योग्य एमसीबी हवाच. दोन्ही एकात हवं तर आरसीबीओ येतो.

आणखी एक. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला, म्हणून अर्थिंग चांगलं असा अर्थ होत नाही. ते बटण आतल्या आतच फरक तयार करतं, घराच्या अर्थशी त्याचा संबंध नाही. अर्थिंग वेगळं मोजावं लागतं.

जांभा

ओहम_साधा यांचा हिशेब छापून वर्गात लावावा असा आहे.

खड्ड्याचं सांगतो. पाइप अर्थिंगला जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, आतला व्यास ३८ मिमीपेक्षा कमी नको, लांबी २.५ मीटर. प्लेट अर्थिंगला ६० बाय ६० सेंमीची प्लेट, तांब्याची असेल तर ३.१५ मिमी जाड, जीआय असेल तर ६.३ मिमी, वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. इमारतीपासून खड्डा दीड मीटर दूर. दोन इलेक्ट्रोड समांतर जोडायचे तर त्यांतलं अंतर लांबीच्या दुप्पट, म्हणजे ५ मीटर ठेवा. जवळ ठोकले तर दोघांचा जमिनीतला प्रभावभाग एकमेकांवर येतो आणि दुसऱ्या पाइपाचा फायदा अर्धाही मिळत नाही.

देशावर काळ्या मातीत रीडिंग सहज मिळतं, पण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपापासून सुटते. मुरूम आणि खाली काळा पाषाण असेल तिथे अडीच मीटर खोदणंच जड जातं, मग बोअर मारून पाइप सोडतात. जांभ्यात पावसाळ्यात २-३ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात कितीतरी पट वर जाऊ शकतो. म्हणून अर्थ रेझिस्टन्स एप्रिल-मेमध्ये मोजावा. जुलैतल्या रीडिंगवर विसंबू नका.

खड्ड्यात भरायच्या मीठ आणि कोळशाबद्दल मतभेद असतील, पण माझं म्हणणं सरळ आहे. मीठ रीडिंग खाली आणतं, ते पावसाने वाहून जातं आणि जाताना जीआय पाइपही गंजवतं. परीक्षेत थरांची आकृती काढा, प्रत्यक्षात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) वापरायला मिळालं तर ते वापरा.

मेगर५००

जांभा, बेंटोनाइटशी सहमत, पण लहान गावात तो मिळत नाही आणि मीठ-कोळसाच टाकला जातो. तसा केला असेल तर दर उन्हाळ्यात पाणी आणि दोन-तीन वर्षांनी पाइपाचं वरचं टोक उघडून क्लॅम्प तपासणं हे त्या घराला लिहून द्यावं.

मोजायची पद्धत : मेन बंद. खड्ड्याकडून घरात जाणारी अर्थ वायर क्लॅम्पपासून सोडवा. न सोडवता मोजलं तर इतर अर्थही समांतर येतात आणि खोटं चांगलं रीडिंग मिळतं. अर्थ टेस्टरचा करंटचा खिळा खड्ड्यापासून ३० मीटरवर, व्होल्टेजचा खिळा त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर म्हणजे साधारण १८.५ मीटरवर. रीडिंग घ्या. मग मधला खिळा दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे करून पुन्हा घ्या. तिन्ही जवळपास सारखी आली तर खरं. फरक पडत असेल तर लांबचा खिळा आणखी दूर न्या. संपल्यावर अर्थ वायर परत जोडायला विसरू नका. हे विसरण्याचं प्रमाण फार आहे, म्हणून मेनच्या खटक्यावरच चिठ्ठी लावून ठेवावी.

आता नव्या वायरिंगची तपासणी, वीज देण्याआधी, या क्रमाने.

सगळ्यात आधी डोळ्यांनी. रंग, स्क्रू, उघडे तंतू, खटका फेजमध्ये आहे का, सॉकेट समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे.

मग अर्थ कंटिन्युइटी. मेन अर्थपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थ पिनपर्यंत. १ ओहमपेक्षा जास्त नको. लांब वायरीचं एक टोक अर्थबारला बांधा आणि मीटर घेऊन खोल्यांमधून फिरा. मीटरच्या स्वतःच्या वायरीचा आणि त्या लांब वायरीचा रेझिस्टन्स आधी मोजून वजा करा.

नंतर इन्सुलेशन, ५०० व्होल्ट डीसी मेगरने. मेन दोन्ही पोल बंद, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटलेला. न्यूट्रल बाहेरशी जोडलेला राहिला तर मेगर शून्य दाखवेल, कारण तो ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेलाच आहे. मग मुलं तासभर भिंतीत दोष शोधत बसतात. एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एसपीडी (व्होल्टेजचा झटका अडवणारं साधन), इन्व्हर्टर, बेल काढून ठेवा. ५०० व्होल्टला त्यांची इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाहीत. अर्थशी तपासताना सगळे खटके चालू, फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून अर्थविरुद्ध. फेज-न्यूट्रलमध्ये तपासताना सर्व दिवे आणि उपकरणं काढलेली, खटके चालूच. एक मिनिट धरून रीडिंग. १ मेगाओहमच्या खाली असेल तर वीज देऊ नका. नव्या पीव्हीसी वायरिंगला खरं तर कित्येक दहा मेगाओहम यायला हवेत. नव्या कामात २ मेगाओहम आले तर ‘पास’ म्हणून सोडू नका, कुठेतरी ओल आहे किंवा खिळा गेलाय.

दोष सापडवताना अर्ध्या-अर्ध्याने जा. सगळे एमसीबी बंद, एकेक चालू करत रीडिंग कुठे कोसळतं ते बघा. सर्किट सापडलं की मधल्या जंक्शन बॉक्सला वायर सोडवून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा.

वीज दिल्यावर शेवटी पोलॅरिटी आणि आरसीसीबी. खटका बंद असताना होल्डरवर अर्थच्या तुलनेत व्होल्टेज दिसलं तर खटका न्यूट्रलमध्ये बसलाय. दिवा लागतो-विझतो सगळं नीट, पण बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो.

नवी_वायर

मेगर५००, एक अनुभवास येणारी तक्रार. दोन आरसीसीबी आहेत, एक लाइटला, एक पॉवरला. फक्त लाइट लावले तर ठीक. बेडरूमच्या बोर्डवर मोबाइल चार्जर लावला की दोन्ही पडतात. मेगर चांगला येतो.

मेगर५००

मेगर चांगला आहे म्हणजे गळती नाही, न्यूट्रल मिसळलाय. त्या बोर्डवर फेज पॉवरच्या आरसीसीबीतून आलाय आणि न्यूट्रल लाइटच्या न्यूट्रलला जोडलाय. पहिल्यातून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येतो, दोघांनाही फरक दिसतो, दोघंही पडतात. प्रत्येक आरसीसीबीच्या खाली स्वतःचा वेगळा न्यूट्रल बार लागतो. दोन्ही बंद करून, दोन्ही न्यूट्रल बार मोकळे करून त्या सॉकेटच्या न्यूट्रलपासून दोन्ही बारशी कंटिन्युइटी बघा. उपकरणं काढलेली असताना लाइटच्या बारशी बझर वाजला तर मिसळ आहेच. मग त्या बारवरून एकेक न्यूट्रल सोडवत जा, आवाज थांबेल ती वायर.

दुसरा प्रकार, न्यूट्रल आणि अर्थ एकत्र. सॉकेटमध्ये अर्थ मिळाला नाही म्हणून न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थ पिनला देतात. हे थेट धोकादायक आहे. न्यूट्रल कुठे सुटला की उपकरणाच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. असा तुकडा दिसला की आधी तो काढा, बाकीचं नंतर.

ओहम_साधा

न्यूट्रल सुटण्याचं निघालंच आहे तर थ्री-फेज फोर-वायरचंही लिहितो. सोसायटीत किंवा बंगल्यात न्यूट्रल मेनजवळ तुटला, की दोन फेजवरची उपकरणं एकमेकांशी सिरीजमध्ये ४०० व्होल्टवर येतात. समजा एका फेजवर १००० वॉट भार आहे, दुसऱ्यावर २०० वॉट, तिसऱ्यावर काही नाही. १००० वॉटचा रेझिस्टन्स सुमारे ५३ ओहम, २०० वॉटचा सुमारे २६५. व्होल्टेज रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटलं जातं : जड भाराला ६७ व्होल्ट, हलक्याला ३३३. म्हणजे गिझर मंद आणि टीव्ही, राउटर, एलईडी जळालेले. काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काहींत लख्ख पेटतात अशी तक्रार आली की आधी मेन बंद करा आणि न्यूट्रल बघा. न्यूट्रलमध्ये कधीही फ्यूज किंवा एकटा एमसीबी टाकू नका, यामागचं कारण हेच.

पंपाची_वही

दुसऱ्या वर्षाचं कुणीतरी लिहायला हवं. डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) आणि स्टार-डेल्टा (आधी स्टार, मग डेल्टा जोडणीत नेणारा) स्टार्टर. एनसी म्हणजे एरवी जोडलेला संपर्क, एनओ म्हणजे एरवी तुटलेला. काँटॅक्टर म्हणजे कॉइलच्या ओढीने जुळणारा खटका.

डीओएलचं कंट्रोल सर्किट : फेज, मग ओव्हरलोड रिलेचा एनसी ९५-९६, मग लाल स्टॉप एनसी, मग हिरवा स्टार्ट एनओ, मग कॉइलचं ए१. ए२ न्यूट्रलला किंवा दुसऱ्या फेजला, कॉइल किती व्होल्टची आहे त्यावर. काँटॅक्टरचा १३-१४ एनओ फक्त स्टार्ट बटणाला समांतर.

काय चुकतं ते सांगतो. बोट दाबलंय तोवर मोटर चालते, सोडलं की बंद : १३-१४ जोडलेला नाही. स्टॉप दाबूनही थांबत नाही : १३-१४ स्टार्ट आणि स्टॉप दोन्हींना मिळून समांतर लागलाय. हे फार घातक, वीज देण्याआधी मल्टिमीटरने शोधा. कॉइल घरघरते, ओढत नाही : ४१५ व्होल्टची कॉइल २३० वर आहे. कॉइल मिनिटात जळते : उलट झालं. म्हणून कॉइलवरचा आकडा वाचल्याशिवाय जोडू नये.

ओव्हरलोड रिले मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटला लावायचा. ५ एचपीला साधारण साडेसात अँपिअर. मोटर वारंवार ट्रिप होते म्हणून डायल फिरवून १० वर नेणं म्हणजे वाइंडिंग जाळायला परवानगी देणं. तिन्ही फेजचा करंट टाँग टेस्टरने घ्या. दोनमध्ये जास्त, एकात शून्य असेल तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेलाय. गावाकडच्या पंपांना हे नेहमीचं, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर लागतो.

स्टार-डेल्टामध्ये मोटरच्या पेटीत सहा टर्मिनल, खाली यू१ व्ही१ डब्ल्यू१, वर डब्ल्यू२ यू२ व्ही२. डेल्टामध्ये यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. वरची ओळ डब्ल्यू२ ने सुरू होते, यू२ ने नाही. इथेच घोटाळा होतो. डेल्टा काँटॅक्टरने यू१-यू२ एकाच फेजवर आणले तर वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना तोच फेज, व्होल्टेज शून्य. लक्षण ठरलेलं : स्टारमध्ये छान वेग घेते, टायमर बदलला की आवाज बसतो आणि मोटर थांबू लागते. स्टार आणि डेल्टा काँटॅक्टरमध्ये एकमेकांचा एनसी इंटरलॉक हवाच, दोन्ही एकदम ओढले तर तिन्ही फेज सरळ शॉर्ट.

नवी_वायर

१० एचपीच्या स्टार-डेल्टाला ओव्हरलोड किती? नेमप्लेटवर १४.५ आहे. आणि शाळेत शिकवलेलं १४.५ लावलं तर चूक काय?

पंपाची_वही

रिले कुठे बसवलाय त्यावर. मेन काँटॅक्टरच्या खाली, यू१ व्ही१ डब्ल्यू१ कडे जाणाऱ्या वायरींत असेल तर त्यातून डेल्टामध्ये फक्त एका वाइंडिंगचा करंट जातो. तो लाइनच्या ०.५८ पट, म्हणजे ८.४ अँपिअर. १४.५ लावलं तर मोटर पावणेदोन पट ओव्हरलोड झाली तरी रिले बोलणार नाही. रिले सगळ्यांच्या आधी, येणाऱ्या लाइनमध्ये असेल तरच १४.५.

विहीर लांब असेल तर केबलचा हिशेबही शिका. ५ एचपी, ७.५ अँपिअर, पॅनलपासून मोटरपर्यंत २०० मीटर, तांब्याची २.५ स्क्वेअर मिमी केबल. दर किमीला ७.४१ ओहम, म्हणजे २०० मीटरला १.४८. १.७३ गुणिले ७.५ गुणिले १.४८ गुणिले पॉवर फॅक्टर ०.८, सुमारे १५ व्होल्ट गेले. ४ स्क्वेअर मिमी घेतली तर १० व्होल्ट. शेवटच्या पोलवर आधीच व्होल्टेज ३८० असेल तिथे हे पाच व्होल्ट मोटर सुरू होणार की घरघरणार हे ठरवतात.

खटकापट्टी

पंपाची_वही, हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी उतरवून घ्यावं.

पुढच्या वाटेबद्दल थोडक्यात. कोर्सनंतर शिकाऊ उमेदवारी नक्की करा. महावितरण, महापारेषण, महानिर्मिती, रेल्वे, कारखाने सगळीकडे जागा असतात. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी वीजतंत्री किंवा तारतंत्री चालतो. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला असेल तर तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. स्वतःची कामं घ्यायची तर वायरमन परवाना, मग पर्यवेक्षक प्रमाणपत्र, मग ठेकेदाराची अनुज्ञप्ती हा क्रम. नव्या कनेक्शनला लागणाऱ्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक ठेकेदाराची सही असते. मेगर५०० यांनी वर दिलेली रीडिंग त्याच कागदावर भरायची असतात. न मोजता भरलेल्या कागदावर सही करू नका, मालक कितीही घाई करो.

सौर_जोडणी

छतावरच्या सौर कामांसाठी हल्ली मुलं आयटीआयतून थेट घेतली जातात, म्हणून एक भर. डीसी बाजू एसीसारखी समजू नका. आठ पॅनल सिरीजमध्ये म्हणजे ऊन असताना चारशे व्होल्टच्या आसपास डीसी, आणि ते मेन बंद करून जात नाही, कारण पॅनल उन्हात आहेत. भार चालू असताना एमसी४ (पॅनलच्या वायरी जोडायचा) कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान विझत नाही, कनेक्टर वितळतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, टाँग टेस्टरवर करंट शून्य, मगच कनेक्टर. एसीचा एमसीबी डीसीला लावायचा नाही. काही डीसी एमसीबींना अधिक-उणे ठरलेलं असतं, उलट लावले तर तुटताना आतच जळतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ एकमेकांत बसतात असं दिसलं तरी जोडू नका, आतला दाब सारखा नसतो आणि सांधा तापतो.

नवी_वायर

शेवटचं. निऑन टेस्टर पुरेसा आहे का? आमच्याकडे सगळे तोच वापरतात.

मेगर५००

फेज शोधायला ठीक, ‘वीज नाही’ हे ठरवायला नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो फेजवरही पेटेनासा होतो, आणि शेजारच्या वायरीच्या प्रभावाने मोकळ्या वायरीवरही मिणमिणतो. तुटलेला न्यूट्रल त्याला कळतच नाही.

पद्धत अशी : मीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून तो चालतोय हे बघा. मग बंद केलेल्या सर्किटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा. मग परत चालू जागी. थ्री-फेज असेल तर फेज-फेजच्या तीन जोड्या वाढतात. एमसीबी बंद करून त्यावर कुलूप, नसेल तर टेप आणि नावाची चिठ्ठी. मीटर कॅट ३, ६०० व्होल्टचा घ्या आणि त्याच्या वायरींची टोकं सोललेली नाहीत ना, हे दर वेळी बघा.

जांभा

आणि मीटरच्या अँपिअर सॉकेटमध्ये वायर ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नये. आत फ्यूज नसलेला स्वस्त मीटर असेल तर हातातच फुटतो. अँपिअर मोजायला टाँग टेस्टर ठेवा आणि मल्टिमीटरची लाल वायर कायम व्होल्टच्या सॉकेटमध्येच असू द्या.